सोमवारी सकाळी दुखणारं पोट: मुलाला शाळेत त्रास होतो तेव्हा पालकांनी काय करावं?

सोमवारच्या ओपीडीत सर्दी-तापाची मुलं असतातच. त्यांच्यात एखादं तरी मूल असं असतं, की ज्याचं पोट फक्त सकाळी साडेसहा ते आठ या वेळात दुखतं. शाळेची व्हॅन निघून गेली की दुखणं ओसरतं. दहा-अकरा वाजता ते मूल पोहे मागून खातं आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. नाटकं करतंय, असा निष्कर्ष निघतो.

काही वर्षांपूर्वी पाचवीतला असाच एक मुलगा दोन महिन्यांत तीन वेळा माझ्याकडे आला. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पहिल्या वेळी मी जंताचं औषध दिलं. दुसऱ्या वेळी सोनोग्राफी केली. तिच्यात पोटातल्या गाठी किंचित मोठ्या दिसल्या. अशा गाठी या वयातल्या कितीतरी निरोगी मुलांमध्ये दिसतात, तरी काहीतरी सापडल्याचं आम्हा सगळ्यांनाच समाधान वाटलं आणि मी आणखी एक औषध लिहून दिलं. तिसऱ्या वेळी उठता उठता आई म्हणाली, "डॉक्टर, याला जरा पाणी प्यायला सांगा हो. बाटली नेतो तशीच भरलेली परत आणतो."

"का रे, पाणी का पीत नाहीस?" मी विचारलं.

"प्यायलं की शूला जावं लागतं."

पुढचं समजायला आईला थोडा वेळ बाहेर बसवावं लागलं. जूनपासून वर्गातली तीन मुलं त्याच्या मागे होती. तो स्वच्छतागृहात गेला की ती बाहेरून दार धरून ठेवायची, वरून पाणी ओतायची आणि मग ओली पँट दाखवत त्याला एका घाणेरड्या नावाने हाक मारायची. ते नाव आता अख्ख्या वर्गाच्या तोंडी होतं. आणि तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

घरी का सांगितलं नाहीस, या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. "बाबा म्हणतील, तू पण दोन ठेवून द्यायच्या. आणि मम्मी ग्रुपवर टाकेल." आदल्या वर्षी त्याची कंपासपेटी हरवली तेव्हा आईने वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं त्याला 'मम्मीला सांग' म्हणून चिडवू लागली होती.

दहा वर्षांच्या मुलाने आपल्या आईवडिलांचा अंदाज बरोबर बांधला होता. नंतर दोघांशी बोलले तेव्हा दोघांनीही तेच केलं असतं हे त्यांनी कबूल केलं. मुलं का सांगत नाहीत याचं सगळ्यात साधं कारण हेच आहे. सांगितल्यावर आपल्या घरात काय होईल हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून या लेखात कायदे आणि समित्यांपेक्षा जास्त जागा मी घरातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांना दिली आहे.

भांडण कोणतं आणि बुलिंग कोणतं?

मुलं भांडतात, कट्टी घेतात, दुपारी पुन्हा एकत्र खेळतात. यात प्रत्येक वेळी मोठ्यांनी पडायची गरज नसते. बुलिंग वेगळं. नॉर्वेतले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७०च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही जगभर वापरल्या जातात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे नुसती अंगातली नव्हे. एकाच्या मागे पाच जण असणं, एकाचा मोठा भाऊ दहावीत असणं, एकाला सफाईदार इंग्रजी येणं आणि दुसऱ्याला न येणं हीसुद्धा ताकदच. पालकांना मी एकच प्रश्न विचारायला सांगते: तुमच्या मुलाला हा प्रकार स्वतःहून थांबवता येतो का? येत नसेल, तर ते भांडण नाही.

मारणं, ढकलणं, डबा किंवा पैसे काढून घेणं हे दिसतं. टोपणनाव ठेवणं, रंगावरून, वजनावरून, तोतरेपणावरून बोलणं हे ऐकू येतं. वाळीत टाकणं मात्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. डबा खायला बसल्यावर बाकावरून सगळ्यांनी उठून जायचं, खेळात घ्यायचं नाही, वाढदिवसाला एकालाच सोडून सगळ्यांना बोलवायचं. 'तिला कुणी काही बोललंच नाही' असं शिक्षिका म्हणतात ते खरंच असतं, आणि त्रास नेमका तोच असतो. याशिवाय आपल्याकडचा एक प्रकार आहे, ज्याबद्दल सुशिक्षित घरांतही बोललं जात नाही. आडनाव विचारून, वडिलांचा धंदा विचारून, वस्तीचं नाव विचारून मुलाला त्याची जागा दाखवणं. हा प्रकार घडत असेल तर शाळेशी बोलताना 'चिडवतात' असा गुळमुळीत शब्द वापरू नका. जे बोललं गेलं ते तसंच सांगा, तसंच लिहा.

तुमचं मूल एकटं नाही. युनेस्कोच्या २०१९च्या अहवालानुसार जगभरातल्या शाळकरी मुलांपैकी जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या मुलाने आदल्या महिन्यात एकदा तरी बरोबरीच्या मुलांकडून असा त्रास सोसलेला होता.

शरीर आधी सांगतं

ताणामुळे होणारी पोटदुखी खोटी नसते. आतड्यांमध्ये मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. भीती वाटली की आतड्यांची हालचाल बदलते आणि एरवी जाणवलीही नसती अशी साधी हालचाल दुखू लागते. परीक्षेच्या दिवशी मोठ्यांनाही दोनदा संडासला जावं लागतं, तसंच हे. मूल 'दुखतंय' म्हणतं तेव्हा त्याला खरोखर दुखत असतं. बुलिंग सोसणाऱ्या मुलांमध्ये पोटदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारींचं प्रमाण इतर मुलांच्या सुमारे दुप्पट असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित विचार केल्यावर दिसून आलं आहे.

दुखण्याची वेळ बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन-तीन आठवडे नुसती खूण करा: कोणत्या दिवशी दुखलं, किती वाजता. रविवारी संध्याकाळी सुरू होणारं, सोमवारी वाढणारं आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बिलकूल नसणारं दुखणं बरंच काही सांगतं. पी.टी.च्या वारीच डोकं दुखत असेल तर मैदानावर किंवा कपडे बदलायच्या खोलीत काय होतं, ते विचारायला हवं.

मात्र सगळं मनावर ढकलण्याची चूकही नको. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, दुखणं बेंबीपासून दूर एकाच जागी असेल, वजन घटत असेल, वारंवार ताप येत असेल, शौचातून रक्त जात असेल, उलटी हिरवी होत असेल किंवा सांधे सुजत असतील, तर आधी तपासणी करून घ्या. मुलाला शाळेत त्रास होत असला म्हणून त्याला अपेंडिक्स होत नाही असं नाही.

बाटलीची गोष्ट मी अजूनही पालकांना सांगते, कारण ती फार वेळा सापडते. स्वच्छतागृह ही शाळेतली अशी जागा, जिथे शिक्षक सहसा येत नाहीत. तिथे त्रास होत असेल तर मूल पाणी पीत नाही आणि लघवी-शौच दिवसभर दाबून ठेवतं. मग लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, कधी घरी आल्या आल्या पँटमध्येच होणं असे प्रकार सुरू होतात. रात्री अंथरूण ओलं करणं थांबून वर्ष झालेलं मूल पुन्हा ते करू लागलं, तरी हा विचार मनात यायला हवा.

बाकीच्या खुणा घरातच असतात. डबा रिकामा येतो, तरी मूल घरी आल्यावर अधाशासारखं खातं. रबर, पेन्सिली, रंगपेटी सारखी हरवते. वहीची पानं फाटलेली असतात आणि कारण विचारलं तर चिडचिड होते. रिक्षाकाकांच्या शेजारी पुढेच बसायचा हट्ट असतो. धाकट्या भावाला उगाच फटके बसू लागतात. मोठ्या मुलांच्या बाबतीत फोन वाजला की चेहरा उतरतो, किंवा दिवसरात्र हातात असणारा फोन अचानक नकोसा होतो.

कसं विचारायचं?

"तुला कुणी त्रास देतं का?" या प्रश्नाला बहुतेक मुलं "नाही" म्हणतात. त्यापेक्षा जागांबद्दल विचारा. मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खाल्लास? व्हॅनमध्ये तू कुठे बसतेस, शेजारी कोण असतं? शाळेत अशी कुठली जागा आहे, जिथे तुला जायला आवडत नाही? वर्गात कुणाची सगळ्यात जास्त चेष्टा होते? या शेवटच्या प्रश्नावर मूल कधीकधी 'एका मुलाची' गोष्ट सांगतं, आणि ती त्याची स्वतःचीच असते.

समोरासमोर बसवून चौकशी करू नका. स्कूटरवर मागे बसलेलं असताना, शेंगा सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, रात्री दिवा मालवल्यावर मुलं जास्त बोलतात. काही मुलं आजीला सांगतात, मावशीला सांगतात, आणि आईवडिलांना वाईट वाटतं. वाटू देऊ नका. कुणाला तरी सांगितलं, एवढं पुरे.

मूल बोलू लागलं की मधे बोलू नका. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात आपलं रक्त उसळतं, आवाज चढतो, आणि मूल पहिल्या वाक्यावरच थांबतं, कारण आपण आईला रडवलं किंवा बाबांना चिडवलं असं त्याला वाटतं. ऐकून झाल्यावर साधं बोला. "सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. हे थांबवायला मी तुझ्याबरोबर आहे." एवढी तीन वाक्यं पहिल्या रात्रीसाठी पुरेशी आहेत.

"तू काहीतरी केलं असशील", "मग तू काय केलंस?", "एवढं काय मनावर घ्यायचं", "आमच्या वेळी तर याहून..." यातलं काहीही नको. यांतलं एक वाक्यसुद्धा पुढचे सहा महिने मुलाचं तोंड बंद करायला पुरतं.

बहुतेक मुलं लगेच एक अट घालतात: शाळेत सांगायचं नाही. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. 'तुला सांगितल्याशिवाय मी काहीही करणार नाही' हे वचन द्या, आणि ते पाळा. शाळेत कुणाला भेटायचं, कधी भेटायचं, कोणती गोष्ट सांगितली तर चालेल, हे मुलाबरोबर बसून ठरवा. ज्याच्या हातून सगळं निसटलेलं असतं, त्याला एवढं ठरवायला मिळणं हासुद्धा उपचारच असतो. जिवाला धोका असेल किंवा लैंगिक स्वरूपाचा प्रकार असेल, तर मात्र वाट बघायची नाही. तेव्हाही मुलाला आधी सांगून मगच पाऊल उचला.

आपल्या घराघरांत दिले जाणारे सल्ले

'तू पण एक ठेवून दे.' हा सल्ला देणाऱ्या वडिलांचा हेतू चांगला असतो. पण ताकद सारखी नसते म्हणून तर हा प्रकार बुलिंग आहे. मूल मारायला जातं, जास्त मार खातं, किंवा नेमका त्याचाच हात शिक्षकांना दिसतो आणि शिक्षा त्यालाच होते. तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. ते मारू शकत नाही, आणि आता बाबांसमोरही आपण कमी पडलो असं त्याला वाटू लागतं. कराटेचा वर्ग जरूर लावा, शरीर ताठ उभं राहायला शिकतं. पण त्याला बुलिंगवरचा उपाय समजू नका.

'दुर्लक्ष कर.' किरकोळ चिडवण्याला हे कधीकधी लागू पडतं. महिनोन्‌महिने चाललेल्या छळाला नाही. मुलाने आधीच कितीतरी आठवडे दुर्लक्ष करून पाहिलेलं असतं. त्याचा उपयोग झाला नाही, म्हणून तर ते तुमच्यापर्यंत आलं आहे.

शाळेच्या फाटकावर उभं राहून त्या दुसऱ्या मुलाला दम देणं. हे अजिबात करू नका. तेही एक मूलच आहे. शिवाय तासाभरात त्याचे पालक तुमच्यावर तक्रार घेऊन येतील, आणि विषय तुमच्या मुलाचा न राहता दोन कुटुंबांचा होईल. दुसऱ्या पालकांना थेट फोन करण्याचंही बहुधा असंच होतं. आपल्या मुलाबद्दल ऐकून घेण्याची तयारी फार थोड्यांची असते. लहान गावात, कॉलनीत तर ते पालक तुमचे शेजारी, नातेवाईक किंवा ऑफिसातले साहेब असू शकतात. तिथे 'कशाला संबंध बिघडवायचे' म्हणून मूल गप्प बसवलं जातं. म्हणूनच बोलणं शाळेमार्फत व्हावं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिणं. चाळीस पालक वाचतात, चाळीस घरांत जेवताना चर्चा होते, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस मुलांना ठाऊक असतं. ज्या गोष्टीची मुलाला लाज वाटते तीच सगळ्यांसमोर मांडली जाते. तक्रार करायला ग्रुपसारखी वाईट जागा दुसरी नाही.

शाळेत जाताना

आधी लिहून काढा. एक साधी वही पुरते. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण होतं, कुणी पाहिलं, नंतर मुलाला काय झालं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. फाटलेल्या शर्टाचा, जखमेचा फोटो काढा. मोबाइलवरचे मेसेज, फोटो, ग्रुपचं नाव यांचे स्क्रीनशॉट घ्या, आणि ते घेतल्यावरच ब्लॉक करा. रागाच्या भरात पुरावाच पुसून टाकलेले पालक मी पाहिले आहेत.

पहिली भेट वर्गशिक्षकांची, वेळ ठरवून. शाळा सुटतानाच्या गर्दीत नको. जमलं तर आईवडील दोघंही जा, म्हणजे एक बोलत असताना दुसरा ऐकू शकतो. सुरुवात आरोपाने न करता माहितीने करा: "जूनपासून हे असं होतंय, त्यामुळे तो पाणी पीत नाही, सोमवारी पोट दुखतं. तुमच्या काही लक्षात आलं का?" साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षिकेला खरंच माहीत नसू शकतं. बुलिंग मोठ्यांची पाठ फिरल्यावर होतं. एखाद्या चांगल्या शिक्षिकेने बसण्याच्या जागा बदलून, मधल्या सुट्टीत व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून प्रश्न सोडवल्याचीही उदाहरणं माझ्याकडे आहेत.

मागणी शिक्षेची न करता सुरक्षिततेची करा. मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ कोण उभं राहील? बसमध्ये तो कुठे बसेल? त्रास झाला तर त्या क्षणी त्याने शाळेत कुणाकडे जायचं, त्या व्यक्तीचं नाव काय? आणि आपण पुन्हा कधी भेटायचं? ही शेवटची तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. दोघांना समोरासमोर उभं करून 'सॉरी म्हणा, हात मिळवा' हा प्रकार शाळांना फार आवडतो. दोन सारख्या मुलांच्या भांडणात तो ठीक आहे. इथे मात्र घाबरलेल्या मुलाला त्रास देणाऱ्याच्या डोळ्यांत बघून 'मिटलं' म्हणावं लागतं, आणि बाहेर पडल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. शिक्षकांनी दोघांशी वेगवेगळं बोलावं.

भेटीनंतर जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने किंवा पत्राने कळवा. पत्र दिलं तर पोच घ्या. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा 'मुलं आहेत, चालायचंच' असं उत्तर मिळालं, तर पर्यवेक्षक, मुख्याध्यापक, संस्थाचालक या क्रमाने लेखी वर जा. सीबीएसईने २०१५ मध्ये आपल्या शाळांना बुलिंग रोखण्यासाठी समिती नेमण्याच्या सूचना दिल्या आहेत. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शासनाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळांमध्ये 'सखी सावित्री समिती' स्थापन करायचा निर्णय घेतला. तुमच्या शाळेत अशी समिती आहे का, तिच्यात कोण आहे, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. नुसतं विचारल्यानेही कधीकधी कामाला वेग येतो. त्यानंतरची पायरी शिक्षणाधिकारी आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

त्रास देणारे शिक्षकच असतील, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. कपडे काढणं, नको तिथे हात लावणं, तसले व्हिडिओ काढणं हे घडलं असेल तर तिथे पोक्सो कायदा लागू होतो. त्याची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणं शाळेवर आणि आम्हा डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. 'शाळेचं नाव जाईल, आपसात मिटवू' असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका.

मुलाला काय शिकवता येतं?

थोडंच, पण उपयोगाचं. घरात आरशासमोर सराव करा: मान वर, आवाज मोठा पण चढा नाही, एकच छोटं वाक्य. "थांब. मला हे आवडत नाही." आणि तिथून चालू पडायचं, जिथे मोठं माणूस आहे त्या दिशेने. शिपाईकाका, ग्रंथालयातल्या बाई, कुणीही चालेल. चुगली करणं आणि मदत मागणं यांतला फरक समजावून सांगा. चुगली कुणाला तरी अडचणीत आणण्यासाठी असते, मदत अडचणीतून बाहेर पडण्यासाठी.

खरा फरक पडतो तो मात्र बघणाऱ्या मुलांमुळे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानांवर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात, बहुतेक प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूला हजर असल्याचं दिसलं. त्यातलं कुणी मधे पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबत होता. फिनलंडमधला 'किवा' हा शालेय कार्यक्रम या बघ्या मुलांवरच काम करतो. आपल्या हातात एवढं आहे, की वर्गातल्या एका समंजस मुलाला किंवा मुलीला शनिवारी घरी खेळायला बोलवावं. दहा मित्र लागत नाहीत. मधल्या सुट्टीत बरोबर चालणारा एक पुरतो. शाळेबाहेरही मुलाची वेगळी ओळख तयार होऊ द्या. तबल्याच्या वर्गात, पोहण्याच्या तलावावर, गावाकडच्या चुलत भावंडांत ते टोपणनाव कुणालाच माहीत नसतं.

शाळा बदलावी का, असं बरेच जण विचारतात. शाळेने खरोखर हात वर केले असतील आणि मुलालाही हवं असेल, तर बदला. त्यात हरणं-पळणं काही नाही. पण पहिल्याच आठवड्यात दाखला काढायला धावू नका. नवी शाळा म्हणजे नवे मित्र शोधणं आलं, आणि घाबरलेल्या मुलाला ते कठीण जातं.

डॉक्टरांकडे कधी?

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास असेल, खेळ आणि आवडते कार्यक्रम सुटले असतील, झोप किंवा भूक बिघडली असेल, शाळेचं नाव काढताच थरथर, उलटी होत असेल किंवा शाळाच पूर्ण बंद झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक यांना भेटा. याचा अर्थ मूल 'वेडं' आहे असा नाही, आणि प्रत्येकाला गोळ्या लागतात असंही नाही. बहुतेकांना बोलण्याच्या उपचारांनीच बरं वाटतं. अडखळत बोलणं, वाचनात मागे पडणं, लठ्ठपणा, कमी ऐकू येणं यांपैकी काही असेल आणि त्यावरूनच चिडवलं जात असेल, तर त्यावरचे उपचारही सुरू करा. मात्र 'तू बारीक झालास की चिडवणार नाहीत' असं म्हणू नका. त्यातून चूक त्याचीच ठरते.

"मी नसलो तर बरं होईल", "मला झोपूनच राहावंसं वाटतं, उठूच नये" असं काही मूल बोललं, हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या, आवडत्या वस्तू ते वाटून टाकू लागलं, तर त्याच दिवशी मदत घ्या. थेट विचारा: "तुला मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येतो ही समजूत चुकीची आहे. उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, उंदीर मारायचं किंवा पिकावरचं औषध कुलपात ठेवा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मूल स्वतःही फिरवू शकतं.

तक्रार तुमच्याच मुलाची आली तर

'आमचा असं करणारच नाही' हे वाक्य गिळा. शाळा काय सांगते ते ऐकून घ्या आणि घरी जाऊन शांतपणे विचारा. झोडपून काढलं तर 'ताकदवान माणूस कमजोराला मारतो' हाच धडा पक्का होतो. काय केलं ते त्याच्या तोंडून वदवून घ्या, भरपाई करायला लावा, काही आठवडे लक्ष ठेवा. त्याच्याशी घरात, क्लासमध्ये किंवा बिल्डिंगमध्ये कुणी असंच वागतंय का, हेही बघा. दुसऱ्यांना त्रास देणारी काही मुलं स्वतःही कुठेतरी तो सोसत असतात, आणि मदतीची गरज त्यांना सगळ्यात जास्त असते.

त्रास थांबल्यावर

शाळेने पावलं उचलली, मुलं मागे लागेनाशी झाली, तरी पोट लगेच दुखायचं थांबत नाही. शरीराला सवय लागलेली असते. काही आठवडे जातात, सहामाही परीक्षा किंवा सहलीचा दिवस आला की दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. अशा वेळी 'आता तर कुणी त्रास देत नाही ना?' असं म्हणू नका. पोट शेका, थोडं थांबा आणि शाळेत पाठवा. घरी ठेवण्याची सवय लागली तर परतणं अवघड होतं. पहिल्या तासाला जमलं नाही तर दुसऱ्या तासाला, पण गेलेलं बरं. रोज उलटतपासणी नको. आठवड्यातून एकदा, रविवारी जेवणानंतर वगैरे, सहज विचारलं तरी चालतं.

त्या पाचवीतल्या मुलाच्या शाळेने मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाजवळ एका सेवकाला उभं केलं आणि त्या तिघांच्या बसायच्या जागा वेगळ्या केल्या. तिघांच्या पालकांना मुख्याध्यापकांनी एकेक करून बोलावलं. वडिलांना 'ठेवून दे' न म्हणणं जड गेलं, पण त्यांनी पाळलं. टोपणनाव जायला मार्च उजाडला. औषध मी जानेवारीतच बंद केलं होतं. आईला मी फक्त एक काम दिलं होतं: रोज संध्याकाळी दप्तरातून बाटली काढायची, किती पाणी उरलंय ते बघायचं, आणि त्याला काही न बोलता कॅलेंडरवर लिहून ठेवायचं.